आत्याची एकेचाळीस गाणी आणि एक शिटी

कुंभकोण,
सोमवार, १४ ऑक्टोबर १९५७

तीर्थस्वरूप चंद्रमौली अण्णांचे चरणी,

मामेभाऊ व्यंकोजीचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी नुसता लिहिलेला नाही. लेखणी खाली ठेवून, कलकत्ता ज्या दिशेला आहे त्या ईशान्येकडे तोंड करून खरोखर घातला. ईशान्येला आमची नारळांची कोठी असल्यामुळे त्यातला काही भाग नारळांना पोचला असेल, उरलेला आपला.) आपला गुडघा आता कसा आहे? वहिनींचे पित्त? मागच्या पत्रात आपण गुडघ्याबद्दल दीड ओळ आणि पित्ताबद्दल पाऊण ओळ लिहिली होती, त्यावरून गुडघा अधिक दुखत असावा असा माझा तर्क आहे. येथे अप्पा, आई, धाकटी बहीण अंबुजा आणि आपल्या मातोश्री म्हणजे आमच्या भागीरथी आत्या, सर्व खुशाल आहेत. मीही खुशाल आहे, फक्त गेले अकरा दिवस माझ्या कानात शिटी वाजते आहे, आणि त्याच कारणाने हे पत्र लांबणार आहे. मी फोर्थ फॉर्मच्या पुढे शिकलो नाही हे आपण जाणताच, पण शुद्धलेखनात वर्गात पहिला होतो आणि या पत्राचा कच्चा खर्डा दोनदा केला आहे. तेव्हा एखादी वेलांटी चुकलेली आढळली तर ती टपालात हलली असे समजावे.

श्रावणात आपण येथे येऊन आपला टेपरेकॉर्डर, तीन कोरी रिळे आणि एक नमुन्याचे रीळ माझ्या स्वाधीन केलेत, आणि सांगितलेत की, व्यंकू, आईला येणारी झोपाळ्याची एकेचाळीस गाणी दिवाळीपर्यंत यात भरून ठेव, दिवाळी झाली की मी आईला आणि यंत्राला दोघांना कलकत्त्याला घेऊन जातो. हे मला अक्षरशः आठवते, कारण आपण ‘आईला आणि यंत्राला’ म्हणालात तेव्हा आत्या वाती वळत होत्या आणि त्यांची एक वात वाकडी झाली. लग्नात वधूवरांना झोपाळ्यावर बसवून म्हणायची ही गाणी आपल्या इकडच्या मराठी लोकांत पूर्वी घरोघर येत, आता तंजावरापासून कुंभकोणापर्यंत ती सगळी एका आत्यांनाच येतात. म्हणजे काम केवढे जोखमीचे, ते पाहावे. मी त्या दिवसापासून यंत्राजवळ कोणाला शिंकू दिले नाही.

आता नव्या हत्याराला आयुधपूजेपूर्वी कामाला लावायचे नाही, हे आपण कलकत्त्यात राहून विसरला असाल, आम्ही विसरलेलो नाही. दोन तारखेला बुधवारी पूजा झाली. अंबुजाचे शिवणयंत्र, आईची विळी, काप्पीचे दाणे दळायचे यंत्र, अप्पांची कात्री, सर्वांना गंध आणि कुंकू लावले. आपल्या टेपरेकॉर्डरचा मान मोठा, म्हणून त्याचे गंध मी स्वतः सहाणेवर उगाळले, अगदी लोण्यासारखे, आणि झाकण काढून आतबाहेर मिळून सव्वीस ठिकाणी एकेक टिकली लावली. (सव्वीस हा आकडा वहीतून घेतला आहे.) दुसऱ्या दिवशी विजयादशमी, कोणतेही काम सुरू करायला याहून चांगला दिवस नाही. आत्या नवी साडी नेसून झोपाळ्यावर बसल्या, मी मायक्रोफोन उलट्या ठेवलेल्या तांदळाच्या मापावर ठेवला, आणि त्यांनी एका बैठकीत अकरा गाणी म्हटली. अण्णा, काय गायल्या! अप्पांनी पानाचा विडा तोंडात तसाच न चावता धरून ठेवला. आईचे दूध उतू गेले तरी ती उठली नाही.

मग मी रीळ उलटे फिरवून लावले. आत्यांचा आवाज निघाला, आणि त्याच्या डोक्यावर बसून, एखाद्या डासाची मुंज लागल्यासारखा, एक अखंड बारीक ‘कींऽऽ’. पहिल्या गाण्यापासून अकराव्यापर्यंत. सगळे माझ्याकडे पाहू लागले. आत्या मात्र यंत्राकडे पाहत होत्या. पूर्ण ऐकून घेतले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “आमचा गळा असा झालाय होय! तुम्ही कोणी बोलला नाहीत, यंत्र बोललं. खरं बोलतं बापडं.”

मी शपथेवर सांगितले की ती शिटी त्यांची नाही. त्या म्हणाल्या, “मग कोणाची? तू गात होतास?” आणि आत निघून गेल्या.

येथपर्यंत आपल्याला हा प्रकार लहानसा वाटेल. पण पुढची गोष्ट अशी की त्या दिवसापासून आत्यांनी स्वयंपाकघरातले गाणेही बंद केले. आणि आपल्याला ठाऊक असेल किंवा नसेल, या घरात तीस वर्षे भात आत्यांच्या गाण्यावर शिजतो. आधण आले की त्या आपल्याच नादात एक चार कडव्यांचे गाणे सुरू करतात, चौथे कडवे संपले की आई भात उतरवते. तीन कडव्यांच्या गाण्यावर कडबोळी तळून होतात. पहाटेच्या एका कडव्यावर काप्पीचे पाणी उतरते. आता गाणेच नाही, तर आईला काही कळेना. शुक्रवारी भात कच्चा, शनिवारी सकाळी लापशी, शनिवारी दुपारी दोन्ही एकाच पातेल्यात. अप्पा जेवता जेवता मला म्हणाले, “व्यंकोजी, तुझी शिटी सापडेपर्यंत मी पंढरीनाथाच्या मठात जेवू काय?” (तेथेही अप्पांना आग्रह करून वाढतात, म्हणून ही धमकी पोकळ नव्हती.)

तेव्हा मी वही काढली आणि वर ‘संशयित’ असे लिहून रेघ मारली.

पहिला संशय बांगड्यांवर. आईच्या आणि अंबुजाच्या हातातल्या काढायच्या नाहीत, म्हणून अप्पांच्या नेसून जुन्या झालेल्या वेष्टीच्या चिंध्या फाडून दोघींच्या बांगड्या करकचून बांधल्या. शेजारच्या मीनाक्षीबाई हळद मागायला आल्या, त्यांनी चार बांधलेले हात पाहिले आणि हळद न मागताच, कुठे पडलात गं दोघी एकदम, असे विचारून तेल चोळायचे औषध देऊन गेल्या. मग आत्यांची पुष्कळ आर्जवे केली, की फक्त एक गाणे म्हणा, तुमचा गळा निर्दोष ठरवण्यासाठी. त्यांनी म्हटले. शिटी होतीच.

दुसरा संशय झोपाळ्याच्या साखळ्यांवर. झोपाळ्यावर बसल्याशिवाय आत्यांना ही गाणी आठवतच नाहीत, म्हणून झोपाळा थांबवणे शक्य नव्हते. मी चारही कड्यांना तिळाचे तेल पाजले. जरा जास्त झाले. अप्पा सवयीने काप्पीचा पेला घेऊन बसले आणि सवयीनेच पायाने एक रेटा दिला. तीस वर्षे कुरकुरणारा तो झोपाळा असा काही सुटला की अप्पा जाताना स्वयंपाकघरात होते आणि येताना अंगणात. काप्पी भिंतीवर. तेल वेष्टीवर. अप्पा शुद्ध तमिळमध्ये माझ्यावर. (घरात आपण मराठीच बोलतो, पण अप्पांना राग आला की मराठी पुरत नाही.) शिटी होतीच.

तिसरा संशय मणीवर. आमच्या मागच्या गल्लीत मणीचा लेथ आहे, पितळेची भांडी त्यावर फिरवून चकचकीत करतात, आणि त्याचा आवाज दातांतून ऐकू येतो. मला खात्री झाली की हाच. मी जाऊन एक तास लेथ बंद ठेवण्याची विनंती केली. मणीने कारण विचारले, मी सांगितले, आणि तो इतका खूष झाला की लेथ तर बंद केलाच, हात धुऊन, कपाळाला विभूती लावून, आपल्या दोन कारागिरांसह आमच्या दारापुढच्या तिण्णैच्या ओट्यावर येऊन बसला, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ‘श्श!’ करू लागला. आमच्या रस्त्यावर इतकी शांतता मी जन्मात पाहिली नव्हती. एक बैलगाडी तर लांबूनच वळून गेली. आत्यांनी एक गाणे म्हटले. लावून पाहिले, शिटी होतीच. मणी कंबरेवर हात ठेवून म्हणाला, “तंबी, माझा लेथ तर तिकडे झोपलाय. मग हे ओरडतंय कोण, तुझी चूक की माझी?” दोन्ही कारागीर हसले. आत्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “बघ, आता तरी पटलं? त्या बिचाऱ्याचं काम खोळंबवलंस.”

रविवारी मी धाडसी उपाय केला. आत्यांना आईबरोबर तिरुनागेश्वरम्‌ला पाठवले, राहूला दुधाचा अभिषेक करायला. (राहूचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो असेही मी वहीत लिहिले होते, तेव्हा एका बसमध्ये दोन कामे.) त्या गेल्यावर मी रिकाम्या घराचा आवाज घेतला. म्हणजे काहीच घेतले नाही, नुसती शांतता. अंबुजाला नाक धरून बसवले. शांतता लावून पाहिली, तर शांततेतही ‘कींऽऽ’! मी आनंदाने उडी मारली. आत्या घरातच नव्हत्या, म्हणजे आत्या निर्दोष! त्या परत आल्या तेव्हा उंबऱ्यातच त्यांना ही बातमी दिली. त्यांनी पाय धुतले, शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “त्याला माझी सवय लागली रे. आता मी नसले तरी ते माझंच गाणार.” मी हे वाक्यही वहीत उतरवून घेतले.

त्याच दिवशी वर्तमानपत्रात आले की रशियाने आकाशात एक गोळा सोडला आहे आणि तो पृथ्वीभोवती फिरत शिट्या मारतो. अप्पांनी ते वर्तमानपत्र माझ्यापुढे आपटले. “सापडला तुझा चोर!” मग पिता-पुत्र अंगणात उभे राहून मान मोडेपर्यंत वर पाहत होतो. पण मी बारकाईने वाचले, तो गोळा तुटक तुटक शिटी मारतो आणि दीड तासाने एकदा येतो, आमची शिटी अखंड आहे. रशिया वहीतून खोडला. अप्पा खट्टू झाले, कारण त्यांनी ते मीनाक्षीबाईंना आधीच सांगून टाकले होते.

आपण म्हणाल, व्यंकू, तू यंत्र का नाही तपासलेस? अण्णा, आपण कलकत्त्याचे. ज्याची मी स्वतः पूजा केली, ज्याला नमस्कार केला, त्याच्यावर संशय घ्यायचा कसा? ते वहीत लिहायलाही माझा हात धजला नसता. ते अंबुजाने केले. गेल्या सोमवारी ती शिवता शिवता, दोरा दातांनी तोडत म्हणाली, “दादा, अण्णांचं रीळ लाव ना.” मी म्हटले, त्यात काय ऐकायचे? ती म्हणाली, “लाव तर.”

आपले ते नमुन्याचे रीळ श्रावणात सर्वांनी ऐकले होते. त्यात आपण एक ते वीस आकडे म्हणता, दोनदा खोकता, आणि मग सांगता की कलकत्त्याच्या आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर घड्याळ आहे, वहिनी सर्व स्वयंपाक मिनिटांवर करतात. तेव्हा आपला खोकलासुद्धा गंगेच्या पाण्यासारखा स्वच्छ ऐकू आला होता. आता लावले, तर एक, कींऽऽ, दोन, कींऽऽ, आणि खोकल्यावर तर शिटीने तुरा काढला होता! अंबुजा म्हणाली, “अण्णा कलकत्त्यात बोलले. तिथे आईच्या बांगड्या नव्हत्या, मणी नव्हता, आत्याही नव्हती. मग?” आणि पुन्हा शिवू लागली, जणू काही झालेच नाही. (ती नापास होत नाही, हे मला आजवर विशेष वाटत नसे.)

मी झाकण काढले. फीत ज्या रबरी चाकाला घासून जाते त्यावर, आणि तिला दाबून धरणारा जो लोकरीचा इवलासा तुकडा आहे त्यावर, माझ्या लोण्यासारख्या गंधाच्या टिकल्या वाळून खडीसाखर झाल्या होत्या. फीत त्यांच्यावरून सरकताना किंचाळत होती. रीळ कोणतेही असो. सव्वीसातल्या दोन टिकल्या, सतरावी आणि अठरावी. म्हणजे अकरा गाणी नासवली, आत्यांना गप्प केले, अप्पांना अंगणात फेकले, रशियाला बदनाम केले, ते सर्व मीच, भक्तिभावाने.

कंपाउंडरकडून स्पिरिट आणले, आत्यांच्याच कापसाच्या वाती घेतल्या आणि चाक, तुकडा, सर्व पुसून काढले. पुसून होईपर्यंत त्या वाती चंदनाने पिवळ्या झाल्या होत्या. मग पहिल्या दिवसाचेच रीळ लावले. शिटी नाही! दूर कुठे तरी, कान लावला तर, एक पुसट रेघ राहिली आहे, पण ती मला सोडून कोणाला ऐकू येत नाही. आत्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पूर्ण गाणे ऐकले. मग विचारले, “ही कोण गाते?” मी म्हटले, तुम्ही. त्या म्हणाल्या, “काहीतरीच! ही तर लग्नाची मुलगी आहे.” आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की ठसका लागला, आणि त्या संध्याकाळी भात चौथ्या कडव्यावर उतरला आणि मोगऱ्याच्या कळ्यांसारखा झाला. अप्पांनी तीनदा मागून घेतला. मी कोठीत जाऊन नारळांपुढे थोडा नाचलो.

मंगळवार ते गुरुवार एकवीस गाणी झाली. आधीची अकरा धरून बत्तीस. राहिली नऊ. आणि शुक्रवारी, अण्णा, शिटी परत आली. मी पुसली, शनिवारी पुन्हा. पुसली, रविवारी पुन्हा. शोध जारी आहे. परंतु या गतीने नऊ गाण्यांना किती दिवस लागतील याचा मी हिशेब मांडला, तर ते पोंगलपर्यंत, म्हणजे थेट संक्रांतीपर्यंत जाते. यासाठी नम्र विनंती की आपण दिवाळीनंतर येण्याची घाई करू नये. यंत्र येथेच राहू द्यावे, आणि यंत्राला आपले आपण गाता येत नसल्यामुळे आत्यांनाही. कळावे. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला सोसवेल तेवढा शेक द्यावा.

आपला आज्ञाधारक,
व्यंकोजी

ता. क. ‘शोध जारी आहे’ असे वर लिहिले, ते खोटे नाही पण पुरेसे खरेही नाही. शुक्रवारी झाकण काढले तेव्हा चाकावरचे गंध ओले होते. ते माझे नव्हते. माझे गंध नुसत्या चंदनाचे असते. याला कापराचा वास होता. या घरात गंधात कापूर कोण घालते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. टिकली मात्र अचूक सतराव्या जागी होती. मी वळून पाहिले तर आत्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “यंत्राला रोज पूजा लागते रे व्यंकू. एक दिवस करून भागत नाही.” तेव्हापासून आमचा असा नेम चालला आहे की सकाळी मी पुसतो आणि दुपारी त्या लावतात. दोघांपैकी कोणीही याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

ता. क. दुसरा. नऊ गाणी राहिली आहेत हेही आता बरोबर नाही. शनिवारी सकाळी यंत्र पुसल्यावर मी मायक्रोफोन स्वयंपाकघराच्या खिडकीत, कढीलिंबाच्या जुडीमागे ठेवला होता. आधण येताच आत्या गाऊ लागल्या. त्या दिवशी आणि काल मिळून नऊही गाणी आली, एकही शिटी नाही. त्यांना झोपाळ्याशिवाय आठवत नाही असे आम्ही समजत होतो. भाताच्या पातेल्यासमोरही सगळे आठवते. एकेचाळीस पूर्ण झाली. हे आत्यांना मी सांगितलेले नाही. त्यांच्या मते नऊ बाकी आहेत, आणि त्या फार मनापासून गंध उगाळतात.

ता. क. तिसरा. त्या शेवटच्या फितीवर, एकेचाळिसावे गाणे संपल्यावर, आई भात उतरवते त्याचा आवाज आहे आणि मग आत्यांचे बोलणे आहे. त्या आईला म्हणतात, “चंद्रमौलीकडे जायला मला का नको वाटेल गं? पोर माझं आहे. पण त्यांच्याकडे भिंतीवर घड्याळ आहे. मी तिथे गाऊन काय शिजवू?” हे पुसावे की ठेवावे, मला ठरवता आले नाही. ठेवले आहे. फीत वेगळ्या पार्सलने आजच पाठवत आहे.

ता. क. चौथा. पार्सल शिवून झाल्यावर ध्यानात आले की फीत ऐकायला यंत्र लागते आणि यंत्र येथे आहे. पार्सल उसवले. तेव्हा वर जे ‘येण्याची घाई करू नये’ लिहिले आहे ते कृपा करून खोडावे. (मी खोडले असते, पण पान स्वच्छ आले आहे.) दिवाळीलाच यावे. झोपाळ्यावर बसून ऐकावे, आता तो हळू रेटल्यास सुरक्षित आहे. भात जेवावा. यंत्र पुसून, बांधून तयार ठेवतो, ते अवश्य घेऊन जावे. परतीचे तिकीट मात्र एकच काढावे.